घंटेचं तोंड

त्या राज्यात गवत सगळ्यांचं होतं आणि मरण काहींचंच. राज्य मेंढरांचं. लढायला कोणी जायचं हे थोरला मेंढा ठरवायचा. त्याच्या स्वतःच्या शिंगांवर मात्र कधी ओरखडा उठलेला नव्हता.

तिथं दर घरच्या मेंढ्याच्या गळ्यात घंटा असायची. एकीचा आवाज दुसरीसारखा नाही. कोकरू धड उभं राहायच्या आधी बापाची घंटा ओळखायचं. मेंढा मेला, की त्याच्या बायकोनं घंटेच्या तोंडात ओली माती ठासायची आणि ती दारात पुरायची. त्याशिवाय पोरं वाट बघायची थांबत नाहीत, म्हणून ही रीत.

एकदा हाकाटी झाली, टेकडीपलीकडच्यांनी आपलं कुरण खाल्लं. खाताना कुणी बघितलं, हे कुणी विचारलं नाही. पवळीचा नवरा भोऱ्या लढायला गेला. जाताना कोकराला म्हणाला, "आईच्या पायातून हलू नको रे." पहिल्याच टकरीत त्याचं कपाळ फुटलं.

भोऱ्या घरी आला नाही. त्याची घंटा आली, तीही घरी नाही. थोरल्यानं ती चौकातल्या बाभळीला टांगली, मानाची म्हणून. मग सण असो, पाहुणा येवो, घंटा वाजवायची. आणि वाजली रे वाजली, की पवळीचं कोकरू आचळ सोडून चौकाकडे धावत सुटायचं. ओठांवरचं दूध वाटेत गळायचं. परत यायचं ते मान टाकून. हळूहळू त्यानं दूधच सोडलं. बरगड्या मोजून घ्याव्यात असं झालं.

शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंस, बाई. भोऱ्याभावजींचं केवढं नाव झालं!"

"नाव झालं, नवरा गेला. नाव काय थंडीत पोराला कुशीत घेतंय?"

पवळी उठली ती थेट थोरल्याकडे गेली. "थोरले, घंटा द्या. माती भरायचीय."

थोरला रवंथ करत होता. "ती आता तुझी एकटीची राहिली का? सगळ्या कळपाची आहे."

"मग कळपानं धावावं की! माझंच पोर का धावतंय? मरंल ते."

भोवतीच्या मेंढ्यांनी घसे खाकरले. थोरला म्हणाला, "बोलू द्या तिला. दुःख झालंय." मग त्यानं डोळे मिटून विचार केला. उदार होता तो. पुढच्या सभेत त्यानं जाहीर केलं, भोऱ्याची घंटा भोऱ्याच्या घरात परत जाईल. खुरांचा कडकडाट झाला. पवळीनं दारात खड्डा उकरला, माती भिजवली, आणि चौकात आली.

थोरल्यानं घंटा खाली उतरवली. कोकराला जवळ ओढलं. घंटा त्याच्या गळ्यात घातली आणि वादी अशी आवळली, की दातांनीही सुटू नये.

"नाही!" पवळी ओरडली. पुढं घुसली. दोन मेंढ्यांनी तिला खांद्यानं रेटून धरलं. "मानाचं आहे, वहिनी. रडू नका."

कोकरू बिचकून एक पाऊल सरकलं. घंटा वाजली. त्यानं गर्रकन मागं वळून पाहिलं. वळताना ती पुन्हा वाजली. मग ते गोल गोल फिरतच राहिलं, कान टवकारून, बाप कुठल्या बाजूनं येतोय ते शोधत.

"बघा," थोरला म्हणाला, "रक्तातच आहे. आतापासून कवायत करतंय."

आणि सगळा कळप त्या घंटेच्या तालावर खूर आपटायला लागला.