यमूने उपटलेला पुदिना

बाळांनो, चूक झाल्यावर आईच्या डोळ्यांत बघायला कधी लाज वाटली आहे का तुम्हाला?

यमूला वाटली होती. ओढ्याकाठच्या चंद्रमौळी झोपडीत ती आईबरोबर राहायची. आई आजारातून उठली, पण तिच्या तोंडाची चवच गेली. भाकरी ताटात तशीच राही.

यमू रडत रडत ओढ्यापलीकडच्या बागेत गेली. तिथे हिरवागार पुदिना पसरला होता. पानापानावर दवाचे इवले मोती! त्यांतून एक चिमुकली परी वर आली. पोपटी झगा, चंदेरी पंख.

"रडू नकोस, चिमणे. याची कोशिंबीर कर, आई जेवेल. पण पानं खुडायची, मूळ उपटायचं नाही. आणि कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही."

परी पानांआड गेली. यमूला वाटलं, रोज इतक्या लांब कोण येणार? आपल्या मोरीपाशीच लावू. तिने सगळा पुदिना मुळांसकट उपटला आणि ओच्यात लपवला.

वाटेत शेजारच्या ठकूकाकू भेटल्या.

"यमे, पुदिना का गं? दे चार पानं. बाळीचं पोट दुखतंय, काढा करते."

"न... नाही काकू. गवत आहे."

"एवढं घमघमणारं गवत? मग आमच्या म्हशीची चैनच की!"

यमूचे कान लालेलाल झाले. घरी येऊन पाहते तर पुदिना काळा पडलेला. चारच पानं हिरवी.

"काय आणलंस गं, राणी?" आईने विचारलं. यमूला मान वर करवेना.

शेजारी बाळी कळवळून रडत होती. यमू धावली. "काकू, मी खोटं बोलले. ही पानं घ्या."

"अगं, आणि तुझ्या आईला?"

यमूने घरातला काळा पडलेला पुदिना पुन्हा ओच्यात भरला. तशीच बागेत गेली आणि मुळं पुन्हा ओल्या मातीत पुरू लागली. मागे पंख फडफडले.

"परीताई, माझ्याकडे बघू नकोस ना."

"का गं? चुकलीस, पण परत आलीस. पुदिना चिवट असतो, बाळे. बोटभर मूळ राहिलं तरी पुन्हा फुटतो. थोडा मोरीपाशीही लाव. मागितला असतास तर मीच दिला असता."

परीने मातीवर हात फिरवला. लुकलुकते पोपटी कोंब फुटले, भराभर वाढले. सोनेरी उजेड झाला आणि त्यात परी विरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमूच्या आईने पुदिन्याच्या कोशिंबिरीबरोबर अख्खी भाकरी खाल्ली.