संध्याकाळी सातचा मेसेज

“...मग मेसेजखाली तुमचं नाव घालू ना, भन्तेजी?”

डॉक्टर प्रज्योत गजभिये तिसऱ्यांदा विचारत होता. म्हातारे भन्ते गावातल्या बुद्धविहाराच्या ओसरीवर अंगावर घ्यायचं फाटलेलं चीवर शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

याच ओसरीवर लहानपणी प्रज्योत त्यांच्याकडून अक्षरं शिकला होता. आता तो नागपुरात डोळ्यांचा मोठा डॉक्टर होता, आणि हे कुणी विसरू नये याची काळजी तो स्वतःच घेत असे.

गेली दोन वर्षं तो तालुक्यातल्या चाळीस गावांना रोज संध्याकाळी सातला मोबाइलवर मेसेज पाठवत होता. मुलांना दिवसाउजेडी दोन तास मोकळ्यावर खेळू द्या. पुस्तक हातभर लांब धरा. लहानपणी लागलेला चष्मा वर्षागणिक जाड होतो, आत्ताच जपा. उलट टपाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची चित्रं यायची. ती मोजूनच तो झोपायचा म्हणा ना. आता भन्तेंचं नाव हवं होतं, कारण गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

“या गावात किती मुलांचे डोळे पाहिलेस?” भन्तेंनी विचारलं.

“पाहायची वेळच येऊ नये, म्हणून तर मेसेज आहेत.”

भन्ते शिवत राहिले. डॉक्टरला ते मुळीच आवडलं नाही.

तेवढ्यात निरंजना भोजनदानाचा डबा घेऊन आली. ती गावात बिड्या वळायची. रविवार असल्यामुळे तिची नऊ वर्षांची संबोधी सोबत होती. समोर बसलेले तेच मेसेजवाले डॉक्टर, हे कळल्यावर निरंजनाला काय करू नि काय नको असं झालं. तुमचा एकही मेसेज चुकवला नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

“कालचा दाखव बरं यांना,” भन्ते म्हणाले.

निरंजनाने कमरेचा फोन काढला आणि लेकीच्या हातात दिला.

पोरीने मान तिरकी केली. फोन डाव्या डोळ्याजवळ नेला, आणखी जवळ नेला, पार नाकाला टेकेपर्यंत. मग तिने घडाघडा वाचलं, “मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका.”

डॉक्टर पोरीच्या तिरक्या मानेकडे बघत होता.

“मले कुठं वाचता येते जी?” निरंजना कौतुकाने म्हणाली. “हे पोरगीच वाचते. मंग गल्लीतल्या बायाइले वाचून दाखवते. तुमच्या मेसेजसाठीच तर फोन घेतला. सातले मी इच्या हाती देतो, मंग झोपेपर्यंत सोडतच नाही.”

डॉक्टरने संबोधीला जवळ बसवलं. तिच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि समोर बोटं धरली.

“किती? सांग बेटा.”

“बोटं नाही दिसत, काका. काळा पडदा हाय.”

कधीपासून, तर लई दिवसांपासून. आईला सांगितलंही होतं. आईला वाटलं, शाळा बुडवायचे बहाणे.

उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. इतक्या दिवसांनी तो डोळा परत येणं कठीण, आणि दुसऱ्याचाही भरवसा नाही. आजार मेसेजच्याही आधीचा असणार, असं डॉक्टरने स्वतःला बजावलं. पण दोन वर्षं तो मेसेजमधून रोज यांच्या घरात शिरत होता आणि या पोरीकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली.

“काय झालं जी?” निरंजनाने विचारलं.

पोरगी मान तिरकी करून त्याच्याकडे बघत होती.

“आजच नागपूरला न्यावं लागेल,” तो कसाबसा म्हणाला. “मी पुढे जाऊन तयारी करतो. काय झालंय, कुठे यायचं... सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवतो.”

भन्तेंनी सुई चीवरात टोचून ठेवली.

“तो वाचून कोण दाखवणार, प्रज्योत?”