चिमीचा मोजा चाकाखाली

होती एक चिचुंद्री. एवढीशी. तुझ्या अंगठ्याएवढी नाही, बाबांच्या अंगठ्याएवढी. नाव तिचं चिमी.

चिमीकडे होता एक मोजा. लाल, लोकरीचा. कुण्या बाळाच्या पायातून पडलेला. तुझा तर नव्हे ना? बघ बरं पाय.

तोच चिमीचा बिछाना. तीच चिमीची गोधडी.

एक दिवस चिमीनं मोजा उन्हात टाकला. तेवढ्यात आली गाडी. घर्र घर्र घर्र. रंभाजीनानांची दुधाची गाडी. थांबली कुठं? नेमकी मोज्यावर.

आता या नानांची गंमत ऐक. नाना आधी बैलगाडी हाकायचे. संध्याकाळ झाली की बैल धुवायचे, आणि करकचून बांधायचे. बैल गेले, मोटार आली. नानांची सवय गेली का? छे. नानांनी मोटार धुतली. सळ्ळ सळ्ळ सळ्ळ. मग दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. कर्र कर्र कर्र.

"आता कुठं पळतीस?" नाना मोटारीला म्हणाले. तिला थोपटलं आणि गेले जेवायला.

सकाळी ही थंडी. हू हू हू. चिमीचे दात वाजले कट कट कट. चिमी आली चाकापाशी. तुरुतुरु तुरुतुरु.

"चाका चाका, हल ना. मोजा मिळेना, पांघरू काय?"

चाक म्हणालं, "मी नाही हलत. ब्रेकनं धरलंय मला. ब्रेकला सांग जा."

चिमी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

"ब्रेका ब्रेका, सोड ना. चाक हलेना, मोजा मिळेना, पांघरू काय?"

ब्रेक म्हणाला, "मी नाही सोडत. तार मला ओढून बसलीय. तारेला सांग जा."

चिमी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

"तारबाई तारबाई, सरक ना. ब्रेक सोडेना, चाक हलेना, मोजा मिळेना, पांघरू काय?"

तार म्हणाली, "मी नाही सरकत. पाण्यानं भिजले, थंडीनं आखडले. अंग चोळायला तेल हवं. तेलाला सांग जा."

तेल होतं मेस्त्रींच्या दुकानात, बुधलीत. चिमी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

"तेला तेला, ठिबक ना. तार सरकेना, ब्रेक सोडेना, चाक हलेना, मोजा मिळेना, पांघरू काय?"

तेल म्हणालं, "मी नाही ठिबकत. बुधली कोण वाकवणार? मेस्त्रीला सांग जा."

शब्बीरमेस्त्री बसले होते दुकानाच्याच पायरीवर, घोंगडीत. नुसतं नाक बाहेर. गावाच्या सगळ्या मोटारी चालू करतात. थंडीत स्वतःच चालू होत नाहीत.

"मेस्त्रीकाका, मेस्त्रीकाका, उठा ना. तेल ठिबकेना, तार सरकेना, ब्रेक सोडेना, चाक हलेना, मोजा मिळेना, पांघरू काय?"

मेस्त्री म्हणाले, "मी नाही उठत. चहा पोटात गेला, की माझं इंजिन सुरू. ठकूमावशीला सांग जा."

ठकूमावशीची चहाची टपरी समोरच. चिमी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

"मावशी मावशी, चहा टाका ना. मेस्त्री उठेना, तेल ठिबकेना, तार सरकेना, ब्रेक सोडेना, चाक हलेना, मोजा मिळेना, पांघरू काय?"

मावशी म्हणाली, "मी नाही टाकत. दुधाशिवाय चहा होतो का गं? नानांना सांग जा. आणि जरा लांबून बोल. वास येतो तुझा."

चिमीनं स्वतःला हुंगलं. कुठं येतो? काहीतरीच.

नाना उभे होते गाडीपाशी, कानटोपी घालून. गाडीला ढकलत होते. हुश्श. हुश्श. चिमी आली तुरुतुरु तुरुतुरु.

"नाना नाना, दूध आणा ना. चहा होईना, मेस्त्री उठेना, तेल ठिबकेना, तार सरकेना, ब्रेक सोडेना, चाक हलेना, मोजा मिळेना, पांघरू काय?"

नाना म्हणाले, "कसं आणू गं? गाडीच निघेना. जा, चाकाला सांग जा."

चाकाला? चिमी मटकन बसली. निघाली तिथंच आली की. एवढी मोठाली माणसं, आणि एक जण हलेल तर शपथ.

चिमीनं पंजानं नाक पुसलं. बाई गं, केवढं गार नाक! माठातल्या पाण्यापेक्षा गार.

चिमी हसली खुदुखुदु. निघाली तुरुतुरु तुरुतुरु. मेस्त्रींच्या पायरीवर. मेस्त्रींच्या घोंगडीत. मेस्त्रींच्या सदऱ्यात. आणि गार नाक ठेवलं मेस्त्रींच्या पोटावर.

टच्च.

"अगंगंगंगं!"

मेस्त्री उठले. उठले कसले, उडाले. हाताला लागली तेलाची बुधली. चिमी पुढं, मेस्त्री मागं. चिमी थेट गाडीखाली. मेस्त्रीही वाकले गाडीखाली. बघतात तर काय.

"नाना, काल गाडी धुतली?"

"धुतली की."

"आणि हँडब्रेक ओढला?"

"दोन्ही हातांनी."

"अहो, बैल आहे का हा? थंडीत धुवून ब्रेक ओढला तर तो चिकटून बसणारच. गियरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा."

"आणि पळाली म्हणजे?"

"पळून जाईल कुठं? चारा खाते का ती?"

मेस्त्रींनी बुधली वाकवली. तेल ठिबकलं, टप टप टप. तार सरकली, सर्रर्र. हातोडी वाजली, टण् टण्. ब्रेकनं सोडलं, खट्ट. चाक हललं, घुर्रर्र. आणि मोजा मिळाला. पापडासारखा चपटा.

नाना दूध घेऊन आले. चहा उकळला. मेस्त्री दोन कप प्यायले. भुर्रर्र, भुर्रर्र.

चिमीनं मोजा झटकला. फट फट फट. झाला पुन्हा गुबगुबीत. मोज्याला आता तेलाचा वास. चिमीला चिमीचा वास. दोघांचं छान जमलं.

आणि नाना? नानांनी त्या संध्याकाळी गाडी धुतली नाही. हँडब्रेक ओढला नाही. चाकाला दगड लावला. मग इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणी नाही. हळूच बैलांचं दावं आणलं, आणि मोटार खुंट्याला बांधली.

गोष्ट सुटली चाकाखालून, झोप आली मोज्यामधून.