खाकरण्याआधीचे घर

कोणत्या गावची गोष्ट ते विचारू नका, कारण ती कोणत्याही गावची असू शकेल. तिथे त्र्यंबकशेट नावाचा एक कापडाचा व्यापारी होता, आणि गावाबाहेरच्या टेकडीवर पत्रावळी लावत बसणारे एक वृद्ध सत्पुरुष होते. लोक त्यांना नुसते महाराज म्हणत. त्र्यंबकशेट त्यांचा शिष्य. शिष्य कसला, दर गुरुवारी येऊन गाऱ्हाणे मांडणारा!

एका गुरुवारी तो आला तो थेट मुद्द्यावरच.

"महाराज, आता मला संन्यास द्या."

महाराजांनी पळसाच्या पानाला काडी टोचली. "का रे बाबा?"

"घरात काही राम उरला नाही. बायको आहे, मुलगी आहे, आप्पा आहेत. कोणी उलटून बोलत नाही, कोणी भांडत नाही. मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं की टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आधी मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा. पण हल्ली ती शांतता अंगावर येते. धर्मशाळेत उतरल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा इथं तुमच्या पायाशी बसेन."

"यशोदेला सांगितलंस?"

"उद्या माल आणायला तालुक्याला जातोय. आलो की सांगतो."

महाराजांनी हातातली पत्रावळ खाली ठेवली. मग म्हणाले, "बरं. उद्या निघालास की वेशीवर भेट."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. घरात शिरताना पुरुषाने खाकरायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. बायकामाणसांना सावरून बसायला वेळ मिळावा, एवढाच तिचा हेतू. पण त्र्यंबकशेटचे खाकरणे साधे नव्हते. ओसरीवर सुरू झालेले ते खाकरणे स्वयंपाकघराच्या भिंतीला जाऊन आपटे. स्वभावाने माणूस वाईट नव्हता हो. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची कटकट ऐकून त्याचे डोके उठे, घरी निवांतपणा लागे, आणि तो मिळाला नाही की भुवई चढे. चढलेली भुवई पाहून पाहून घराने आपोआपच एक सवय लावून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी वेशीवर महाराज उभेच होते. त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याला आल्या वाटेने परत नेले. पण गावातून नव्हे, मागच्या पाणंदीने, कुंपणाच्या फटीतून, थेट त्याच्याच गोठ्यात.

"महाराज, माझ्याच घरात असा चोरासारखा?"

"चोर निदान घर नीट बघून तरी घेतो. बस गुपचूप."

गोठ्यात कडब्याची ऊब होती. गाय डोळे अर्धवट मिटून रवंथ करीत होती. गोठ्याची भिंत आणि माजघराची भिंत एकच, तिला वर एक झरोका. महाराज पेंढ्यांवर आडवे झाले. त्र्यंबकशेट अवघडून बसला. दुपार चढत होती. झरोक्यातून आलेल्या उन्हात धूळ संथपणे तरंगत होती.

मग भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि त्या थापांच्या तालावर कोणीतरी गुणगुणू लागले. आवाज हलका, मोकळा, मध्येच हसल्यासारखा.

"कोण गातंय?" त्याने दबक्या आवाजात विचारले.

"तुझी बायको."

लग्नाला बारा वर्षे झाली होती. यशोदेला गळा आहे हे त्याला ठाऊक नव्हते. तो भिंतीला कान लावून बसला.

थोड्या वेळाने सागरगोट्यांचा खुळखुळाट झाला. "आप्पा, तुम्ही रडीचा डाव खेळताय! दोन पडले तुमचे!" ही वेणू, त्याची सात वर्षांची मुलगी.

"एकच पडला गं! डोळे आहेत का बटणं?" आणि हे आप्पा. सदा कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसणारे, विचारले तरच बोलणारे त्याचे वडील! ते खदाखदा हसत होते.

त्र्यंबकशेटला वाटले, आपण झोपलो आहोत आणि कुणा दुसऱ्याच्या घराचे स्वप्न पाहत आहोत. तव्यावरच्या भाकरीचा खरपूस वास येत होता. यशोदा गाता गाता मध्येच "नातीला फसवू नका हं, आप्पा" असे काहीतरी म्हणत होती आणि पुन्हा सूर धरत होती. एवढे गोड घर, आणि ते इतकी वर्षे आपल्याच भिंतीआड होते! ही दुपार संपूच नये, असे त्याला वाटू लागले.

तेवढ्यात वेणू म्हणाली, "आई, मी बाबा होऊ?"

आणि तिने खाकरले. अगदी हुबेहूब! माजघर क्षणभर चिडीचूप झाले, आणि मग तिघेही पोट धरधरून हसली. आप्पांना तर ठसका लागला.

त्र्यंबकशेटचे कान लाल झाले. तो ताडकन उठला. महाराजांनी त्याचे धोतर धरून त्याला खाली बसवले. उपरणे तोंडाशी धरून तेही हसत होते.

"पोरीला छान जमलंय. आता तू जा. पुढच्या दाराने जा आणि नेहमीसारखा खाकर."

तो वळसा घालून ओसरीवर गेला आणि खाकरला. फार मोठ्याने नव्हे. तरी गाणे मधल्यामध्ये तुटले. धावपळीची पावले वाजली. तो आत गेला तेव्हा यशोदा पदर सावरून खाली मान घालून उभी होती, आप्पा माळ ओढत होते आणि वेणू पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. सगळे त्याला हवे तसे.

"लवकर आलात?" यशोदेने विचारले. आवाजात काळजी होती, गाण्याचा मागमूस नव्हता.

"एक वस्तू विसरलो होतो," असे म्हणून तो तडक गोठ्यात परतला, आणि महाराजांच्या शेजारी बसून लहान मुलासारखा रडला.

महाराजांनी त्याला रडू दिले. मग शांतपणे म्हणाले, "त्र्यंबका, जे आपलं आहे तेच माणसाला सोडता येतं. तू घर सोडायला निघालास, पण या घरात तू राहिलास कधी? तू यायच्या आधी ते असतं, तू गेल्यावर असतं. तुझ्या वाट्याला येते ती फक्त त्याची धास्ती, आणि तिलाच तू शांती समजलास. ज्या घरात अजून शिरलाच नाहीस, त्याचा त्याग कसा करणार? आधी शिर. मग सोडावंसं वाटलं तर माझं दार उघडंच आहे."

"पण शिरू कसा? मी दिसलो की ते नाहीसं होतं."

"खाकरू नकोस. ज्याच्या हातात काम असेल त्याच्या शेजारी बस आणि तू पण कर. काही विचारू नकोस, काही शिकवू नकोस. वेळ लागेल."

वेळ लागलाच. तो न खाकरता प्रथम घरात शिरला त्या दिवशी यशोदा एवढी दचकली की हातातला तांब्या घरंगळत अंगणात गेला. तो काही न बोलता तिच्यासमोर बसला आणि परातीतले भिजवलेले वाल सोलू लागला. घर गप्प. दुसऱ्या दिवशी गप्प. आप्पांना तर वाटले, मुलाला बरेबिरे नाही की काय. आठवडा गेला, पंधरवडा गेला. तो येई, हात धुऊन बसे, सोली. त्याच्या जाड बोटांत निम्मे वाल मोडत. यशोदा पाही आणि ओठ घट्ट मिटून घेई. त्या मिटलेल्या ओठांची त्याला फार भीती वाटे. हे कधीच उघडले नाहीत तर, असे मनात येई, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येऊन बसे.

एकविसाव्या की बाविसाव्या दिवशी तिच्याने राहवले नाही.

"अहो, सोलताय की चुरडताय? सगळ्याचा लगदा केलात! सरका बघू तिकडं!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. आप्पांची माळ थांबली. वेणूने आईचा पदर धरला. तिघांचेही डोळे त्याच्या भुवईवर खिळले.

त्र्यंबकशेट मुकाट्याने सरकला, भिंतीपर्यंत. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. परक्या माणसाला बसायला पाट देतात; सरका म्हणतात ते घरच्यालाच.