येसाईचा पाट

गारसातमीच्या दिवशी शेवटची पंगत उठेपर्यंत बाईने बसायचं नाही. का, ते विचारायचं नाही. तरसवाडीत वाढणाऱ्या प्रत्येक मुलीला या दोन्ही गोष्टी एकदमच शिकवतात. मी नऊ वर्षांची असताना पाय दुखले म्हणून एका सपाट दगडावर टेकले होते. भागाकाकूंनी दंडाला धरून उठवलं. मी "का?" म्हटलं, तर म्हणाल्या, "येसाई उभी हुती म्हून. आन् पुन्यांदा इच्चारलंस तर बघ."

ज्या दगडावर मी टेकले होते, त्यालाच येसाईचा पाट म्हणतात.

माणदेशातल्या आमच्या गावी कुणी पाहुणा आला की त्याला गावामागच्या माळावर नेतात. माळावर कुसळं, बोरी, मेंढरांच्या वाटा आणि गाराईचं छोटं देऊळ. त्या देवळापुढे छातीएवढे तीन काळे धोंडे आहेत, चुलीच्या दगडांसारखे मांडलेले. एका बाजूला चुलीचं तोंड. आत डोकावून पाहिलं तर राख दिसत नाही, पाणी दिसतं. चैत्रात गावची विहीर तळाला जाते तेव्हाही या चुलीत गुडघाभर पाणी असतं, दातांना झिणझिण्या आणणारं गार. चुलीच्या तोंडासमोर तो पाट. त्यावर कुणी बसत नाही. हळदकुंकू वाहतात आणि पुढे जातात.

चैत्र वद्य सप्तमीला, म्हणजे गारसातमीला, आमच्या गावात आणि भोवतालच्या बारा वाड्यांत चूल पेटत नाही. चहासुद्धा होत नाही. गॅसच्या शेगडीला कुंकू लावून ती टोपलीखाली झाकतात. त्या दिवशी माळावर हजारभर माणसं जेवतात, आणि ते सगळं आदल्या दिवशी रांधलेलं असतं. खरं तर त्याच्याही आधीपासून. पंचमीला आंबिलीचं पीठ भिजतं. षष्ठीला सकाळपासून दशम्या सुरू होतात. त्यांची कणीक दुधातच मळायची, पाण्याचा थेंब लागला तर दुसऱ्या दिवशी वास येतो. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी कडक भाजून धोतराच्या कापडात गुंडाळायच्या. हुलग्याच्या उसळीत कांदा घालायचा नाही, तो आंबतो. दह्याची गाडगी ओल्या वाळूत पुरून वर ओलं फडकं टाकायचं. हे सगळं बायांना पाठ असतं. कुणी लिहून ठेवलेलं नाही आणि आजवर कुणाला त्या जेवणाने बाधलेलं नाही.

रांधण्याचा मान आमच्या घराचा आहे. माझे थोरले चुलते निवृत्तीतात्या देवीचे मानकरी. चुलीपुढचं सगळं त्यांच्या बायकोच्या, भागाकाकूंच्या हुकमाखाली चालतं. या साली मी कॉलेजच्या वसतिगृहातून दोन दिवस आधी आले होते. सणापेक्षा वहिनीसाठी आले होते.

रेश्मावहिनी म्हणजे काकूंची सून. माझा चुलतभाऊ सैन्यात, दूर पंजाबात. वहिनीला सातवा महिना होता. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यातच गेलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी बजावलं होतं, फार वेळ उभं राहायचं नाही, पायावर सूज आली तर आडवं व्हायचं. मी तिच्याबरोबर गेले होते, माझ्या कानांनी ऐकलं होतं. षष्ठीला दुपारपर्यंत वहिनीने दोनशेच्या वर दशम्या लाटल्या. तिच्या पायांत चप्पल शिरेना, म्हणून ती अनवाणी होती.

"काकू, तिला उद्या माळावर नेऊ नका," मी म्हटलं.

"थोरली सून न्हाई आली तर वाढायचा हात कुनाचा? तुजा?"

"माझा घ्या की."

"तू उद्या लगीन करून जाशील. मान सुनंचा असतुया." दशमी उलटत काकू पुढे म्हणाल्या, "आमी बी हुबं ऱ्हायलो, पोटूशी असताना. आमाला काय झालं?"

काकूंची दोन गेली होती. मला आईने कधीतरी सांगितलं होतं. तव्यासमोर बसलेल्या काकूंकडे पाहून ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण बोलवलं नाही. गुडघ्यावर हात दाबून त्या उठल्या आणि पुढच्या दशम्यांची कणीक मळायला घेतली.

सातमीला माळावर मांडव उभा राहिला. ऊन कातळावरून उलटं तोंडावर येत होतं. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. साताऱ्याहून एका मिनीबसने पंधरावीस पाहुणे आले होते. त्यांना तात्यांनी चुलीपाशी सावलीत बसवलं आणि दरवर्षीप्रमाणे गोष्ट सांगायला घेतली. तात्यांचा आवाज भारदस्त आहे, ते घाई करत नाहीत. त्यांच्या गोष्टीच्या शेवटी तीन वेळा 'आजही' येतं, ते गावच्या पोरांनाही पाठ आहे. आजही तरसवाडीत या दिवशी चूल पेटत नाही. आजही या चुलीतलं पाणी आटत नाही. आणि आजही आमच्या बाया येसाईच्या आठवणीने दिवसभर उभ्या राहतात. तिसऱ्यावर पाहुणे नेहमी हात जोडतात.

ती गोष्ट अशी.

फार पूर्वी, म्हणे, गारसातम गार नव्हती. उलट देवीला आणि माणसांना चुलीवरून उतरलेलं ऊनऊनच वाढायचं, अशी रीत होती. बारा वाड्यांची माणसं बैलगाड्या जुंपून या माळावर यायची. रांधायचा मान एकाच घराचा, त्या घरच्या थोरल्या सुनेचा. त्या साली ती सून येसाई होती. तिच्या पदरात तीन महिन्यांचा मुलगा होता.

उन्हाळा असा होता की पाखरं उडता उडता खाली पडत, असं सांगतात. विहिरी आटलेल्या. चार कोसांवरच्या डोहातून गाडीने आणलेलं पाणी घागरींत भरून पंगतीसाठी राखून ठेवलं होतं. दिवस उगवायच्या आत या तीन धोंड्यांत जाळ झाला. एका वाडीची पंगत उठे तोवर दुसऱ्या वाडीच्या गाड्यांची धूळ दिसायची. चूल विझता कामा नये आणि चुलीपुढची बाई हलता कामा नये. पलीकडे बोरीला बांधलेल्या झोळीत येसाईचं लेकरू रडत होतं. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

येसाईने सणाच्या कारभाऱ्यांना विनवलं, "लेकराला पाजून येते."

कारभारी म्हणाले, "एवढी पंगत उठू दे."

पंगत उठली, दुसरी बसली. तिने पुन्हा विचारलं. एवढी पंगत उठू दे. तिने तीनदा विचारलं आणि तीनदा तेच उत्तर आलं, असं सांगतात. तिसऱ्या वेळेनंतर झोळीतलं रडणं थांबलं.

तात्या इथे दरवर्षी थांबतात. पाहुण्यांतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला.

येसाईने हातातलं उलथनं टाकलं. देवळाकडे तोंड करून ती म्हणाली, "गाराई, माझं लेकरू गार कर. मी ही चूल गार करते. या दिवशी मी पुन्हा जाळ घालणार नाही, माझ्यामागून येणारी कुणी घालणार नाही." एवढं बोलून पंगतीच्या पाण्याच्या घागरी तिने एकामागून एक चुलीत रित्या केल्या. वाफेचा लोट असा उठला की बाराही वाड्यांना माळावर ढग उतरल्यासारखं दिसलं. दिवसभर तापलेला कातळ बार उडावा तसा तडकला आणि त्या चिरेतून पाणी वर आलं.

आमचे भूगोलाचे सर म्हणाले होते की लालबुंद कातळावर गार पाणी पडलं तर तो तडकतोच, आणि खाली झरा असेल तर वर येतोच. असेल तसंही. पण घागर उचलायला कुणीतरी लागतंच.

येसाईने पदराचं टोक त्या पाण्यात बुडवलं आणि लेकराचं अंग पुसलं. एकदा पुसलं, दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा पुसल्यावर लेकराने डोळे उघडले आणि टाहो फोडला. तोवर कारभारी धावून आले होते. पंगत अर्धी वाढलेली, पिण्याचं पाणी गेलं, जाळ गेला, देवीचा कोप होणार! येसाईने त्यांच्याकडे पाठ फिरवली. चुलीसमोर एक सपाट दगड होता, त्यावर ती बसली आणि तिने लेकराला पदराखाली घेतलं.

तेव्हा लांबच्या वाडीची एक म्हातारी गर्दीतून पुढे आली. तिने आपली शिदोरी सोडली, आदल्या दिवशीची दुधातली दशमी काढली आणि येसाईच्या हातावर ठेवली. "शिळी हाय बाय, पर खा. समद्यांस्नी वाढलंस, तुज्या पोटात काय न्हाई." येसाईने बसल्या जागी दशमी खाल्ली. त्या दिवशी माळावर तिच्यानंतरच बाकीचे जेवले. ज्याने त्याने परतीच्या वाटेसाठी आणलेल्या शिदोऱ्या सोडल्या, शिळंपाकं वाटून खाल्लं, चुलीतलं पाणी प्याले. म्हातारीला परत जाताना कुणी पाहिलं नाही. ती गाराईच होती, असं म्हणतात.

तात्यांनी घसा साफ करायला पाण्याचा तांब्या उचलला. त्या एवढ्याशा वेळात मला माझ्या मागून वहिनीचा आवाज ऐकू आला. तिच्या कडेवर दशम्यांची पाटी होती आणि दुसऱ्या हाताने तिने मांडवाची मेढ धरली होती. ती भागाकाकूंना हळूच म्हणत होती, "आत्याबाई, वाईच टेकू का? पोटात वढल्यागत हुतंय."

"एवढी पंगत उठू दे," काकू म्हणाल्या.

पाहुण्यांतल्या त्या बाईने मान वळवून मागे पाहिलं. तात्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि शेवटाला हात घातला.

"म्हणून आजही तरसवाडीत या दिवशी चूल पेटत नाही. आजही या चुलीतलं पाणी आटत नाही. आणि आजही आमच्या बाया..."

"तात्या, ती बसली," मी म्हटलं.

पाहुण्यांदेखत तात्यांना कुणी मध्ये तोडत नाही. त्यांना आधी कळलंच नाही. "आं?"

"आत्ता तुम्हीच सांगितलंत. येसाई बसली. बसून जेवली, बाकीच्यांच्या आधी."

"मग? गोष्टच हाय तशी."

"गोष्ट तशी आहे, मग आम्ही उभ्या का?"

"स्वप्नाले, गप," काकू मागून म्हणाल्या. "पाव्हन्यांम्होरं शोभा करू नगंस."

"कॉलेजात हेच शिकवतात व्हय?" पंगतीतून कुणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं हसले.

"हे मी कॉलेजात नाही शिकले, तात्यांकडून शिकले," मी म्हटलं. "दरवर्षी तुम्ही सांगता, तात्या. एकही शब्द माझा नाही. ती उभी होती ती कारभाऱ्यांच्या हुकमाने. तोवर तिचं लेकरू मरायला टेकलं होतं. देवी काही उभ्या बाईकडे आली नाही, बसलेल्या बाईकडे आली, तीही हातात दशमी घेऊन. आपण शिळं खायचं लक्षात ठेवलं, दुधात कणीक मळायची लक्षात ठेवली, वाळूत गाडगी पुरायची लक्षात ठेवली. आणि पाटाला तेवढं कुंकू लावून सोडून दिलं?"

"मानाची रीत हाय ती," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या आईनं पाळली. हिनं पाळली."

"काकूंनी पाळली, त्याचं काय झालं ते काकूंना विचारा."

हे मी बोलायला नको होतं. काकूंचा चेहरा पाहिला आणि मला तेव्हाच कळलं. पण शब्द निघून गेला होता आणि वहिनीचा रंग पांढराफटक पडला होता.

मी वहिनीच्या कडेवरची पाटी काढून घेतली आणि खाली ठेवली. तिचा हात धरला. ती येईना. "ताई, नगा," ती पुटपुटली, "आत्याबाई..." तिची नजर सासूवर होती. मीही काकूंकडे पाहिलं. मला वाटलं होतं, दंड धरून उठवतील, नऊ वर्षांच्या मला उठवलं होतं तसं. काकू हलल्या नाहीत. त्यांचा हात फक्त त्यांच्या गुडघ्यावर गेला.

मी वहिनीला पाटावर बसवलं. दगड बोरीच्या सावलीत होता, थंड होता. बसताच तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. पाटीतली वरची दशमी मी तिच्या हातावर ठेवली. चुलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्या सुजलेल्या पावलांवर सोडलं.

"मी आता वाढणार नाही," मी म्हटलं. "वहिनी वाढणार नाही. या साली नाही, पुढच्या सालीही नाही. रांधायला सांगाल तर आठ दिवस आधीपासून रांधेन, मला त्याचा कंटाळा नाही. पण उभी राहणार नाही. जेवण तयार आहे, पाट्या भरलेल्या आहेत, हात सगळ्यांना आहेत."

पंगतीत कुणी हसलं नाही. पत्रावळीवरचे हात तिथेच थांबले होते. पाहुण्यांतली ती बाई तात्यांकडे पाहत होती, आता ते काय म्हणतात म्हणून. तात्यांनी पाटावर बसलेल्या सुनेकडे पाहिलं. तिने दशमीचा तुकडा मोडला होता आणि ती सावकाश चावत होती.

"म्हणून आजही..." तात्या म्हणाले.

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खाली पाहिलं. तिसऱ्या 'आजही'पर्यंत तात्या पोचलेच नाहीत. माळावर एवढी माणसं असूनही चुलीतल्या चिरेतून येणाऱ्या पाण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.