उंबरोडीचा पालथा वीरगळ

उंबरोडीहून तळसगडाला निघालं की निम्म्या चढावर, पहिल्या दरवाजाच्या जरा अलीकडे, एक लांबट दगड वाटेत आडवा पडलेला आहे. पुरुषभर लांब आणि दोन हात रुंद. वरची बाजू ओबडधोबड, छिन्नीचे घाव तसेच राहिलेले. पाहुण्यांना तो पायरीचा दगड वाटतो. ते त्यावर पाय देऊन पुढे जातात आणि मग कुणीतरी सांगितलं की चपापतात. चपापायचं कारण नाही. गावातलेही त्यावर पाय देतात.

तो वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने कोरून उभा करतात, तसला दगड. फक्त हा पालथा आहे, कोरलेली बाजू मातीत. तो आपणहून पडलेला नाही. मागे एकदा शहरातून काही अभ्यासू मंडळी साखळदंड आणि जॅक घेऊन तो उचलायला आली होती. गावातल्या बायका हातातली धुणी टाकून वर आल्या आणि दगडावर बसून राहिल्या. मंडळींनी समजावलं की खालचं काम फार सुंदर असणार. बायका म्हणाल्या, असेल.

त्या का बसल्या ते मी माझ्या चुलत आजीकडून ऐकलं, तिने तिच्या सासूकडून. जसं ऐकलं तसं सांगतो.

फार मागे तळसगडावर दोन भाऊ राव होते, थोरले आणि धाकटे. त्यांची नावं आमच्याकडे कुणी घेत नाही. विसरली म्हणून नव्हे, घ्यायची सोडली म्हणून. बाप गेला आणि तेराव्याच्या आतच गादीवर कोण बसणार यावरून दोघांचं फाटलं. थोरल्यांनी गड धरला. धाकटे खाली उतरले आणि गडदी ओढ्याच्या पलीकडे तळ देऊन बसले. मग माणसं गोळा करायला सुरुवात झाली. ज्याचं शेत ओढ्याच्या अलीकडे तो थोरल्यांचा शिपाई, ज्याचं पलीकडे तो धाकट्यांचा. कुणाला काही विचारलं नाही. ओढा उन्हाळ्यात पोरं उडी मारून ओलांडतात, एवढाच आहे.

अलीकडच्या काठावर सुभाना नावाचा एक शेतकरी होता. दहा माणसांत उठून दिसावं असं त्याच्यात काही नव्हतं. एक भाला होता, तोही बापाचा. बोलण्यात मात्र तो फार गमत्या होता, असं सांगतात. पंगतीत वाढताना बायका त्याला मुद्दाम छेडायच्या, कारण त्याचं उत्तर ऐकण्यासारखं असायचं. त्याची बायको राही पलीकडच्या काठावरची. तिचं माहेर ओढ्यापार, हाकेच्या अंतरावर. तिचा भाऊ बाळोजी धाकट्यांच्या तळावर गेला आणि नवरा थोरल्यांच्या गडावर. आषाढात सुभाना निघाला तेव्हा राहीने अंबाबाईला बोलून ठेवलं, "आई, ह्यांना दसऱ्याला जेवायला घरी आण. तुझा घट मी हिरवागार उगवून दाखवीन."

तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. राज्य कुणाचं व्हावं, तेही नाही.

श्रावण-भादव्यात शेतांतून चकमकी झाल्या. पहिल्याच चकमकीत एक गोष्ट कळली. दोन्हीकडची पागोटी सारखी, अंगरखे सारखे, हर हर महादेव सारखंच. आपला कोण आणि परका कोण ते ओळखू येईना आणि आपल्यांनीच आपली माणसं कापली. यावर दोन्ही रावांना शहाणपण सुचायला हवं होतं. त्यांना खूण सुचली. धाकट्यांनी आपल्या माणसांना पागोट्यात हिरवी डहाळी खोवायला लावली. थोरल्यांनी गडावर हुकूम सोडला, "हिरवं दिसलं की मारा." हा हुकूम पहिल्या माळेच्या दिवशी सुटला. त्याच दिवशी खाली उंबरोडीत घराघरांतून घट बसले.

घटाचं धान तुम्हाला माहीत असेल. परडीत काळी माती घालायची, ज्वारी-गहू पेरायचे, मध्ये घट ठेवायचा आणि नऊ दिवस पाणी घालायचं. दसऱ्याला ते उगवलेलं धान देवीचा प्रसाद म्हणून पुरुषांच्या टोपीत किंवा पागोट्यात खोवतात. एरवी ते पिवळट असतं, कारण देवघरात ऊन येत नाही. पण राहीने नवस बोलला होता. तिने घट देवघराऐवजी उंबऱ्याजवळ, सकाळच्या उन्हात बसवला. नवव्या दिवशी ते धान वीतभर उंच आणि पोपटी हिरवं झालं होतं म्हणे. आयाबाया येऊन बघून गेल्या.

आणि दसऱ्याला सुभाना खरंच आला. जेवून दिवस मावळायच्या आत परत, एवढ्याच बोलीवर गडावरून सोडला होता. घरात डाळ नव्हती, म्हणून पुरण नव्हतं. राहीने गुळाच्या पाण्यात भाकरी कुस्करून दिली.

"पुरणपोळी झकास झाली गं," सुभाना म्हणाला. "जरा पातळ लाटलीस एवढंच."

"खावा गप. राव काय खाया घालत्यात गडावर?"

"राव भाषणं खाया घालत्यात. पोट भरतंय, पर सारखं गुरगुरतंय."

गडावरचं एवढंच तो बोलला. खुणेचं काही सांगितलं नाही. सणाच्या दिवशी कशाला, असं त्याला वाटलं असेल. राहीने त्याच्या भाल्याला हळदकुंकू लावलं, त्याला ओवाळलं आणि पागोट्यात धानाची चार पाती खोवली. त्यांची लेक ठकी चार वर्षांची होती. तिनेही हट्ट धरला. सुभाना तिच्यापुढे वाकला आणि तिने उरलेलं सगळं धान मुठीने त्याच्या पागोट्यात कोंबलं.

"बास गं बाई," तो म्हणाला. "यंदाची ज्वारी माझ्या डोक्यावरच काढायची वाटतं."

तो चढाला लागला. त्याला खूण आठवली नाही का? काही म्हणतात, नाही आठवली. दर दसऱ्याला डोक्यावर धान असायचंच, ते आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. काही म्हणतात, आठवली होती, वळणावर त्याने हातही वर नेला होता, पण लेकीने खोवलेला देवीचा प्रसाद वाटेवर टाकायला त्याचा हात झाला नाही. दोन्ही सांगतात. मला दुसरं खरं वाटतं.

दरवाजावर त्या दिवशी नवा पहारेकरी होता. लांबच्या मुलखातून पगारावर आणलेला. गावचा नामाजी आत दिव्यात तेल घालत होता. ऊन उतरलेलं, पण दिसत होतं नीट. पहारेकऱ्याला खालून येणारं पागोटं दिसलं आणि पागोट्यातलं हिरवं दिसलं. त्याने आवाज दिला, "कोण आहे? कोणाकडचा?"

सुभाना हसला. दिवसभर बायको-पोरीत होता, जेवला होता, आणि गंमत केल्याशिवाय त्याच्याने राहवत नसे. तो ओरडला, "आज बायकोकडचा!"

बायकोकडचा म्हणजे पलीकडचा, हे त्या पहारेकऱ्याला कुणीतरी आधी सांगून ठेवलं होतं, कारण निम्म्या गावाच्या सासरवाड्या ओढ्यापार होत्या. त्याने भाला फेकला.

"आरं, आपला हाय! आपला हाय त्यो!" नामाजी ओरडत बाहेर आला. तोवर झालं होतं. सुभानाच्या तोंडावरचं हसू अजून गेलेलं नव्हतं, असं नामाजीने राहीला येऊन सांगितलं. हे त्याने सांगायला नको होतं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, बरं झालं सांगितलं.

तो थोरल्यांचा माणूस, थोरल्यांच्याच भाल्याने, थोरल्यांच्याच दारात पडला. उंबरोडीचे त्या चार महिन्यांत अकरा पुरुष गेले, त्यातला हा शेवटचा.

शेवटचा, कारण पुढे आठच दिवसांत रावांचा मामा आला. त्याने दोघा भाच्यांना समोर बसवलं. गड थोरल्यांना, ओढ्यापारची गावं धाकट्यांना, झालं. भाऊ गळ्यात पडून रडले आणि एका ताटात जेवले. मामा आषाढातही जिवंत होता. दोन दिवसांच्या वाटेवर राहत होता. तेव्हा त्याला कुणी बोलावलं नाही.

आता दसऱ्याच्या दिवशी आपल्याच दारात आपलाच शिपाई मारला, हे थोरल्यांना वाईट दिसायला लागलं. त्यांनी पाथरवट आणवला आणि सुभानाचा वीरगळ कोरून घेतला. कारागीर हातचा चांगला होता, असं सांगतात. खालच्या पट्टीत पडलेला वीर, मधल्या पट्टीत लढणारा वीर आणि त्याच्या पायाखाली शत्रू, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर चंद्र आणि सूर्य. मार्गशीर्षात तो दगड दरवाजाच्या वाटेला उभा केला. दोन्ही राव खालून पालख्यांतून फुलं वाहायला आले. राहीला दिवा लावायला बोलावणं गेलं. ओढ्यापारचा बाळोजीही बहिणीसाठी आला, कारण आता यायला बंदी नव्हती.

राही दिवा घेऊन आली. तिने दगड वरपासून खालपर्यंत पाहिला. मग पाथरवटाला विचारलं, "ह्यो पायाखाली कोन?"

"शत्रू, बाई."

"नाव काय त्याचं?"

"शत्रूला नाव नसतंय."

"असतंय. ह्यो काय, हितं हुबा हाय," तिने बाळोजीकडे हात केला. "माझ्या नवऱ्यानं माझ्या भावाला पायाखाली कवा घेतलं?"

थोरले राव पुढे झाले. म्हणाले, "बाई, रणात पडला असं आम्ही कोरून घेतलंय. पिढ्यान्‌पिढ्या मान राहील."

"जेवून येत व्हता त्यो, राव. हसत व्हता. डोक्यावर पोरीनं दिल्यालं धान व्हतं. त्ये कुटं कोरलंय? आन मारनारा कुटं हाय ह्यात?"

थोरले खाली बघायला लागले. तेव्हा राहीने दोघांना मिळून विचारलं, "मला एकच सांगा. कोणाकडचा व्हता माझा नवरा?"

"आमचा," थोरले म्हणाले.

धाकट्यांना वाटलं, आपणही काही गोड बोलावं. ते म्हणाले, "आता आम्ही एकच आहोत. आमचाही तो."

एवढं ऐकलं आणि राहीने दिवा खाली ठेवला. ठेवला नाही, आपटला, असं माझी आजी सांगायची. राही म्हणाली, "तुमच्या दोघांचा व्हता, तर मारलासा कशापायी? माझ्या घरचा व्हता त्यो. माझ्याकडचा व्हता. त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं, तवा तुमच्या मानसाला पटलं न्हाई. आता माझ्या दारचा मानूस नेऊन तुमच्या दाराला शोभंला लावताय?"

तिने पदर खोचला आणि दगडाला खांदा दिला. दगडाच्या बुडाचा चुना अजून ओला होता. ती एकटी होती तोवर दगड हलला नाही. मग त्या अकरा घरांतल्या बायका पुढे आल्या. ओढ्यापारच्या आल्या, त्यांचेही गेले होते. बाळोजी आला, नामाजी आला. दगड तोंडावर पडला, वाटेला आडवा, आणि चंद्र-सूर्य, अप्सरा सगळं मातीत गेलं.

"उचला," थोरले आपल्या शिपायांना म्हणाले. बायका दगडावर बसल्या. शिपाई उभेच राहिले. त्यांतल्या निम्म्यांच्या आया, बहिणी त्या दगडावर होत्या. शेवटी पालख्या अडल्या. वाटेवरून पालखी जाईना. दोन्ही राव खाली उतरले आणि काट्यांतून वळसा घालून, धोतर सांभाळत, पायी गडावर गेले.

राही पुढे पुष्कळ वर्षं जगली. सगळं धान मीच खोवलं होतं, असं ती मरेपर्यंत सांगत आली. मुठीची गोष्ट ठकीनेच सांगितली, म्हातारी झाल्यावर. तिला सगळं आठवत होतं आणि आईने ते आपल्यापासून दडवलं हेही कळत होतं. माझी चुलत आजी ज्या घरात दिली होती, ते ठकीच्या वंशाचं.

आजही उंबरोडीत कुणी टोपीत धान खोवत नाही. दसऱ्याला बायका ते धान वर नेऊन त्या पालथ्या दगडाच्या पाठीवर ठेवतात. पुरुष सोनं लुटून परत येतात, तेव्हा वेशीत बायका वाट अडवून उभ्या असतात आणि एकेकाला विचारतात, "कोणाकडचा?" उत्तर एकच चालतं, "बायकोकडचा." लग्न झालेलं नसेल तर "आईकडचा." मगच आत सोडतात आणि जेवायला वाढतात. गेल्या निवडणुकीच्या वर्षी आमच्याकडचा एक कार्यकर्ता छाती काढून आपल्या साहेबांचं नाव सांगता झाला. त्याला वाटलं, हसतील. त्याची सख्खी आई तिथे उभी होती. ती म्हणाली, "मग जा, साहेबाकडंच जेव." तो वेशीबाहेर बसून राहिला आणि सणाच्या दिवशी उपाशी निजला. कुणी त्याला ताट नेऊन दिलं नाही.

तुम्ही दसऱ्याला आलात, तर तुम्हालाही विचारतील. घाबरू नका, पण उत्तर हसून द्या. ते हसूनच द्यायचं असतं. सुभानाने तसंच दिलं होतं.