एक हात लांब

"आठ दिवसांत शेवटची तोफ ओत, नाहीतर नवव्या दिवशी तुलाच जुन्या तोफेच्या तोंडी देतो!"

भालगडच्या राजा रणधवलने हुकूम सोडला आणि सटवाजी ओताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तोफ ओतणं त्याला नवं नव्हतं, गडावरच्या तिन्ही तोफा त्यानेच ओतल्या होत्या. पण 'शेवटची' म्हणजे? तेही राजाने सांगून ठेवलं होतं. अशी तोफ, की तिच्याहून लांब तोफ शेजारच्या काटेगडच्या राजा वीरबाहूला कधीच करता येणार नाही!

भालगडने सात हातांची तोफ ओतली, तर काटेगडने आठ हातांची. यांनी नऊ, तर त्यांनी दहा. यांनी अकरा हात केली आणि महिन्याभरात काटेगडच्या बुरुजावर बारा हातांची येऊन बसली! तोफ जितकी लांब तितका गोळा लांब जायचा, म्हणून नवी आली की जुनी निकामी. सात हातांच्या तोफेवर आता शिपायांच्या बायका गोधड्या वाळत घालत. आणि या साऱ्याला पितळ कुठून आणायचं? आधी लोकांचे हंडे गेले, मग पराती, मग देवळातली घंटा. लोक टाळ्या वाजवून देवाला उठवू लागले. खुद्द महाराजांचं घंगाळ भट्टीत गेलं आणि महाराज मडक्यातल्या पाण्याने अंघोळ करू लागले. मडकं दर दोन दिवसांनी फुटे आणि मग दिवसभर सगळ्या दरबाराची खैर नसे.

सटवाजी घरी आला आणि भट्टीपुढे मटकन बसला. त्याची लेक हौसा साच्याची माती मळत होती.

"किती लांब करायची म्हंत्यात, आबा?"

"तेरा केली तर ते चौदा करत्याल. शंभर केली तर एकशेएक! माझं मरान लिवलंय, पोरी."

आबांशिवाय हौसाला होतं कोण? तिला रडू आलं, पण हात मातीने बरबटलेले, डोळे पुसणार कसे? म्हणून तिने रडणं बाजूला ठेवलं.

तेवढ्यात दारात कासार आला. "बांगड्या घ्या, बांगड्या!" हा दर तोफेच्या वेळी नेमका उगवायचा. हौसाच्या हातात बांगडी चढवताना आजही त्याची नजर भट्टीकडेच. "काय गं पोरी, औंदाची तोफ कवा ओतनार?"

त्याच्या पागोट्यातून सुतळीचं भलं लांब टोक लोंबत होतं. मनगटाचं माप घ्यायला एवढी लांब सुतळी? आणि तिला गाठी कशाच्या? हौसाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तिला असं हसू फुटलं की दोन बांगड्या कडाकडा फुटल्या.

"आठ दिसांनी दरबारात या, दादा! तोफ तितंच बगायला मिळंल!"

कासार गेला तशी ती बापाकडे वळली. "आबा, उठा! साचा करायचाय. पितळ रत्तीभर लागायचं न्हाई!"

आठव्या दिवशी दरबारापुढे बैलगाडी उभी राहिली, तिच्यावरून सटवाजी आणि हौसा उतरले. गाडीत कापडाखाली लांबलचक काहीतरी झाकलेलं. महाराजांनी स्वतःच्या हाताने कापड ओढलं. आत मातीचा पोकळ साचा, एका टोकाला उघडा!

"ही तोफ?"

"व्हय म्हाराज. शेवटची," हौसा म्हणाली.

"पितळ कुठाय?"

"ओतलंच न्हाई."

"मग लांबी किती?"

"ठरली न्हाई."

महाराज लालबुंद झाले. सटवाजीने डोळे गच्च मिटले. "शिपाई! या ओताऱ्याला..."

"थांबा म्हाराज!" हौसा ओरडली. "आदी त्या कासारदादाला म्होरं आना. त्यो बगा, पळाला!"

शिपायांनी कासाराला धरून आणलं. हौसाने त्याच्या पागोट्यातून सुतळी ओढली. ती संपता संपेना! "ही गाठ सात हातांवर, ही नवावर, ही अकरावर. आपली तोफ गार व्हायच्या आत हिचं माप काटेगडला जातंय, आन् तितं एक हात वाढवून तोफ ओतत्यात. दादा, आता मोजा की ही तोफ!"

कासाराने साच्याकडे पाहिलं, सुतळीकडे पाहिलं. "मोजू काय? तोफच न्हाई!"

"तर काय! म्हाराज, जी ओतलीच न्हाई तिच्यावर एक हात वाढवनार कसा? त्यांनी तेरा हातांची ओतली, तर आमी या उगड्या टोकाला माती लावून चौदाची करू. जो आदी ओतंल तो हरला!" मग ती कासाराकडे वळली. "जावा, तुमच्या राजाला सांगा. आमची शेवटची तोफ तुमच्या तोफंपरीस एक हात लांब निगनार हाय. तुमची किती लांब करनार, तेवढं आदी कळवा!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. आणि महाराज जे हसत सुटले, ते पोट धरून सिंहासनावरून खालीच घसरले! "म्हणजे तो तिकडे आमच्या मापाची वाट बघत बसणार! शाब्बास! माग, काय हवं ते माग!"

"माझे आबा. आन् सात हातांची आन् नऊ हातांची, या दोन जुन्या तोफा. लोकांचे हंडे-पराती करू, देवळाची घंटा करू."

"दिल्या! पण आधी माझं घंगाळ!" महाराज जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "आणि हे बघ... वीरबाहूच्या घंगाळापेक्षा एक हात मोठं कर हं!"

हौसाने सुतळी उचलून कासाराच्या हातात दिली.

"ऐकलंसा न्हवं, दादा? जावा, मोजून आना!"

महाराज पुन्हा हसत सुटले, आणि या वेळी कासारही.